मुलाखतीच्या फेऱ्या संपत नाहीत, आणि आता राजीनामा आधी द्या म्हणतात

वाशिष्ठीकाठी, चिपळूण

नमस्कार. लोटे परशुराम औद्योगिक वसाहतीत औषधांचा कच्चा माल तयार करणाऱ्या एका लहान कारखान्यात मी क्यूसी (गुणवत्ता नियंत्रण) केमिस्ट आहे. सेंद्रिय रसायनशास्त्रात एम.एस्सी. केले असून रोजचे काम मुख्यतः नमुन्यातील घटक वेगळे करून मोजणाऱ्या एचपीएलसी आणि जीसी या उपकरणांवरचे असते. पाऊस सुरू होण्याआधी एका मोठ्या औषध कंपनीच्या रायगड जिल्ह्यातील कारखान्यासाठी सीनियर एक्झिक्युटिव्ह पदाची जाहिरात पाहून मी अर्ज केला. आता दिवाळी तोंडावर आली, तरी निवड झाली आहे की नाही याचे स्पष्ट उत्तर मला मिळालेले नाही.

आतापर्यंत काय घडले ते क्रमाने सांगते. प्रथम एचआरचा फोन आला. सध्याचा पगार, अपेक्षित पगार आणि नोटीस पीरियड एवढेच विचारले गेले. नंतर ऑनलाइन परीक्षा झाली. त्यानंतर कारखान्यातील क्यूसी मॅनेजरांनी व्हिडिओवर मुलाखत घेतली आणि ती चांगली झाल्याचे त्यांनी स्वतःच सांगितले. असे असूनही काही दिवसांनी नवी मुंबईच्या मुख्य कार्यालयातील दोन अधिकाऱ्यांनी पुन्हा मुलाखत घेऊन जवळजवळ तेच प्रश्न विचारले. मग एका काल्पनिक ओओएस प्रकरणाचा, म्हणजे मर्यादेबाहेर आलेल्या निकालाचा, तपास अहवाल लिहून मागवला. तो दिल्यावर त्यांच्या प्रयोगशाळेत नव्याने येणाऱ्या एका उपकरणाची संपूर्ण एसओपी, म्हणजे लेखी कार्यपद्धती, तयार करून पाठवा, असे सांगण्यात आले. ती मी अजून पाठवलेली नाही. गणपतीच्या आधी कारखान्यात बोलावून प्लांट हेडनी भेट घेतली, आणि गणपतीनंतर एचआरबरोबर पगाराची बोलणी झाली. त्यानंतर सगळे शांत होते.

गेल्या आठवड्यात अचानक फोन आला. "तुमचे जवळजवळ नक्की आहे, ऑफर लेटर मंजुरीला गेले आहे. तुमची नोटीस तीन महिन्यांची आहे, तेव्हा वेळ वाचावा म्हणून राजीनामा देऊन ठेवा," असे मला सांगितले गेले. वडील निवृत्त झाले आहेत, धाकट्या भावाचे शिक्षण चालू आहे, आणि मधले दोन-तीन महिने पगार बंद राहिला तर घर चालवणे कठीण होईल.

तेच प्रश्न पुन्हा विचारले गेले याचा अर्थ माझ्याविषयी त्यांना शंका आहे असा घ्यावा का? एसओपी लिहून देणे योग्य आहे का? आणि उतावळेपणा न दिसता, पण नेमकेपणाने, नक्की काय ठरले आहे हे त्यांना कसे विचारावे? ज्यांनी अशा प्रक्रियेचा अनुभव घेतला आहे किंवा जे निवड करणाऱ्यांच्या बाजूला बसले आहेत, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.


प्रयोगशाळा_लोटे

ताई, मी याच वसाहतीत बरीच वर्षे क्यूसी सांभाळतो आणि मुलाखती घेण्याचे काम माझ्याकडे नेहमी येते, म्हणून तुमच्या पहिल्या दोन प्रश्नांपुरते लिहितो.

तेच प्रश्न पुन्हा विचारले गेले याचा अर्थ शंका असा मुळीच नाही. क्यूसीमधल्या माणसाचे विषयज्ञान एका फेरीत कळते. मात्र निकाल मनासारखा आला नाही तर तो माणूस काय करतो, हे एका फेरीत कळत नाही आणि बायोडेटावरून तर अजिबात कळत नाही. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने ओओएस निकालांच्या तपासाविषयी २००६ साली मार्गदर्शक सूचना काढल्या आणि २०२२ मध्ये त्या सुधारल्या. आपल्याकडेही २०२३ च्या अखेरीस सुधारित शेड्यूल एम, म्हणजे औषधनिर्मितीच्या दर्जाचे नियम, अधिसूचित झाले. निर्यात करणाऱ्या कारखान्याला प्रयोगशाळेतल्या एका खोट्या नोंदीमुळे बाजारपेठ गमवावी लागू शकते, त्यामुळे अशी कंपनी माणूस निवडताना हात आखडता घेते. हे मला रास्त वाटते.

प्रश्नाचे उदाहरण देतो. बॅचचा ॲसे, म्हणजे मुख्य घटकाचे मोजलेले प्रमाण, ९८.० ते १०२.० टक्के असायला हवा आणि तुमचा निकाल ९७.२ आला. तुम्ही पहिली गोष्ट कोणती कराल? अनेक उमेदवार पटकन सांगतात की नमुना उपकरणात पुन्हा इंजेक्ट करून पाहू. तिथेच मुलाखत घेणाऱ्याचे पेन थांबते. अपेक्षित उत्तर असे असते: तयार केलेली द्रावणे टाकून द्यायची नाहीत, वरिष्ठांना लगेच कळवायचे, आणि त्यांच्याबरोबर वजनाची नोंद, डायल्युशन, स्टँडर्डची (तुलनेच्या प्रमाणित नमुन्याची) मुदत, सिस्टिम सुटेबिलिटी (उपकरण मोजणीस योग्य असल्याची चाचणी) व पीकचे इंटिग्रेशन (आलेखावरील शिखराच्या क्षेत्रफळाची मोजणी) एकामागून एक तपासायचे. जे तपासले ते तपासतानाच लिहायचे. प्रयोगशाळेतील चूक पुराव्यासह सापडली तरच तो निकाल बाद करता येतो. ती सापडली नाही तर निकाल उभा राहतो आणि तपास उत्पादन विभागाकडे जातो. चांगल्या आकड्याबरोबर वाईट आकड्याची सरासरी काढून बॅच सोडणे हा पर्यायच नाही.

आता दुसऱ्या फेरीतील अधिकारी हाच प्रश्न वेगळ्या परिस्थितीत घालून विचारतात. रात्रपाळी चालू आहे, माल भरण्यासाठी गाडी गेटवर उभी आहे, उत्पादन विभागाचे साहेब दर पाच मिनिटांनी निकाल विचारत आहेत आणि तुमचे मॅनेजर फोन उचलत नाहीत; तर काय कराल? पहिल्या दिवशी शांतपणे दिलेले उत्तर अशा दडपणाखालीही तेच राहते का, हे त्यांना पाहायचे असते. तेव्हा तुम्ही दोन्ही वेळा तेच सांगितले असेल, तर ती तुमच्या बाजूची गोष्ट आहे. आणखी एक. लहान कारखान्यात काम केल्याचा संकोच बाळगू नका. आपल्याकडे एकच केमिस्ट सॅम्पलिंगपासून बॅच रिलीजच्या कागदापर्यंत सगळे पाहतो, तर मोठ्या ठिकाणी अनेकांची वर्षे एकाच उपकरणासमोर जातात. प्लांट हेडना हा फरक नेमका कळतो.

लेखी कामाबाबत माझे मत स्पष्ट आहे. काल्पनिक प्रकरणाचा अहवाल मागणे योग्य होते, कारण तो फक्त तुमची विचार करण्याची पद्धत तपासण्यासाठी होता आणि त्याचा कंपनीला दुसरा काही उपयोग नव्हता. त्यांच्या येऊ घातलेल्या उपकरणाची पूर्ण एसओपी हे मात्र कर्मचाऱ्याचे काम आहे, आणि ते उमेदवाराकडून विनामोबदला करून घेणे बरोबर नाही. सरळ नकार देण्याऐवजी एसओपीचा आराखडा एका पानात पाठवा: उद्देश, व्याप्ती, जबाबदारी, कॅलिब्रेशनची वारंवारता ठरवण्याचे निकष, बिघाड झाल्यास करायची कृती. सविस्तर मसुदा रुजू झाल्यावर तिथल्या पद्धतीनुसार करीन, असे त्याखाली लिहा. तुमची समज दाखवायला एवढे पुरे.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो. सध्याच्या कारखान्याची एसओपी नाव बदलून पाठवण्याचा मोह कोणालाही होऊ शकतो. तो कटाक्षाने टाळा. ती तुमच्या कंपनीची गोपनीय कागदपत्रे आहेत. मी स्वतः मुलाखतीत जुन्या कंपनीचा मसुदा उघडून दाखवणाऱ्या उमेदवाराला घेत नाही, कारण उद्या तो आमचाही मसुदा असाच दुसरीकडे दाखवील.


मनुष्यबळ_निवृत्त, रत्नागिरी

वरील प्रतिसाद उत्तम आहे. माझे आयुष्य एचआर खात्यात गेले, म्हणून पडद्यामागे काय चालते ते सांगतो.

एवढा उशीर होण्याचे कारण बहुधा तुमच्यात नसते. पदाला वरून मंजुरी मिळालेली नसताना मुलाखती उरकून घेणे ही फार रुळलेली सवय आहे. मंजुरी पुढच्या तिमाहीवर ढकलली गेली की उमेदवाराला "जवळजवळ नक्की" असे सांगून धरून ठेवले जाते. कधी आतलाच एखादा कर्मचारी त्या जागेसाठी विचाराधीन असतो, तर कधी तुमच्याइतकाच योग्य पण महिनाभराच्या नोटीशीचा दुसरा उमेदवार हाताशी ठेवलेला असतो. फोन करणारी मुलगी किंवा मुलगा खोटे बोलत असेलच असे नाही. त्यांना जेवढे सांगितले जाते तेवढेच ते पुढे सांगतात. मात्र मंजुरी नाकारली गेली, तर त्या फोनची जबाबदारी कोणीही घेणार नाही आणि तुमच्या हातातली नोकरी गेलेली असेल. म्हणून लेखी ऑफर हातात येईपर्यंत राजीनामा देऊ नका. यात "परिस्थिती पाहून ठरवा" असे मी म्हणणार नाही. नोटीस तीन महिन्यांची आहे हे कंपनीला पहिल्याच फोनमध्ये कळले होते. तो वेळ वाचवण्याचा धोका तुम्ही एकट्याने का पत्करावा?

फेऱ्यांच्या संख्येविषयी एक उल्लेख करतो. गूगल कंपनीने स्वतःच घेतलेल्या मुलाखतींची तपासणी केली, तेव्हा चार मुलाखतींनंतरच्या फेऱ्यांनी निर्णयाच्या अचूकतेत फारच थोडी भर पडते असे त्यांना आढळले, आणि त्यांनी साधारण चारची मर्यादा घालून घेतली. आपल्याकडच्या अनेक कंपन्यांत मात्र प्रत्येक साहेबाला उमेदवार एकदा डोळ्यांखालून घालायचा असतो, आणि त्यापायी फेऱ्या वाढतात. उमेदवाराला रजा काढावी लागते, घरी आणि कामावर काहीतरी कारण सांगावे लागते, हे टेबलाच्या पलीकडून दिसत नाही. खात्यात असताना मी हे पुन्हा पुन्हा मांडत आलो, म्हणून येथेही लिहितो.

विचारण्याची पद्धत साधी असावी आणि ते लेखी असावे. फोन झाल्यावर त्याच दिवशी ईमेल पाठवा. मजकूर साधारण असा ठेवता येईल: "आपल्याशी आज झालेल्या बोलण्यानुसार माझ्या निवडीचा प्रस्ताव मंजुरीसाठी गेला आहे असे समजले, त्याबद्दल आभारी आहे. या पदावर काम करण्याची माझी मनापासून इच्छा आहे. ऑफर लेटर मिळाल्याबरोबर मी राजीनामा सादर करीन आणि नोटीस पीरियड कमी करण्यासाठी सध्याच्या कंपनीकडे प्रयत्नही करीन. पत्र साधारण कधीपर्यंत अपेक्षित धरावे आणि यापुढे आणखी एखादा टप्पा बाकी आहे का, हे कृपया कळवावे." यात तक्रार नाही, घाई नाही, आणि तुम्ही राजीनामा कशानंतर देणार हे मात्र त्यांच्या नोंदीत येते. ज्या कंपनीला तुमची खरोखर गरज आहे, ती अशा पत्राने नाराज होत नाही.

पत्र आले की उत्साहात सही करण्यापूर्वी ते पूर्ण वाचा. पद, ग्रेड, कामाचे ठिकाण, रुजू होण्याची तारीख, प्रोबेशनचा काळ आणि तिथली नोटीस किती, हे पाहा. पगाराचा तक्ता वेगळा मागून घ्या. सीटीसीच्या, म्हणजे कंपनीला तुमच्यावर होणाऱ्या एकूण वार्षिक खर्चाच्या, आकड्यात कंपनीचा पीएफचा वाटा, म्हणजे मूळ वेतनाच्या १२ टक्के, आणि ग्रॅच्युइटीची (नोकरी सोडताना मिळणाऱ्या एकरकमी रकमेची) तरतूद म्हणून ४.८१ टक्के बहुतेक ठिकाणी धरलेली असते. त्याशिवाय वार्षिक बोनसही त्यातच बसवलेला असतो. हे सारे वजा केल्यावर, आणि तुमचा स्वतःचा पीएफ कापला गेल्यावर, दर महिन्याला हातात काय पडेल त्याचीच तुलना सध्याच्या पगाराशी करा. लोट्याला कंपनीच्या बसने जाऊन-येऊन घरी राहणे आणि रायगडमध्ये भाड्याची खोली घेऊन राहणे, यातला फरकही त्यात धरा.

पत्रात "वैद्यकीय तपासणी आणि पार्श्वभूमी पडताळणी समाधानकारक झाल्यास" अशी अट जवळजवळ नेहमी असते. रासायनिक उद्योगात वैद्यकीय तपासणी ही नुसती औपचारिकता नाही. भोपाळच्या १९८४ च्या दुर्घटनेनंतर १९८७ साली कारखाने अधिनियमात घातक प्रक्रियांविषयी स्वतंत्र प्रकरण घालण्यात आले, आणि घातक पदार्थ हाताळण्याच्या कामावर नेमण्यापूर्वी वैद्यकीय तपासणी करणे बंधनकारक झाले. मागाहून दरवर्षीही ती करण्याची तरतूद त्या अधिनियमात होती. तेव्हा तपासणी राजीनाम्याच्या आधी करून घेण्याची विनंती करा. फुप्फुसांच्या किंवा रक्ताच्या तपासणीत काही निघाले आणि ऑफर थांबली, तर जुनी नोकरी तरी शाबूत राहते.


खेड_स्टेशन

माझे मत थोडे वेगळे आहे. एवढ्या फेऱ्या घेणारी कंपनी पुढे रजेचा अर्ज मंजूर करायलाही एवढाच वेळ लावील, असे मला वाटते. पुण्याच्या एका कंपनीची अशीच लांबलेली प्रक्रिया मी मध्येच सोडून दिली आणि मला त्याची खंत नाही. उमेदवारालाही माघार घेण्याचा हक्क आहे, हे येथे कोणी लिहिले नव्हते म्हणून लिहितो.

कोकणातल्या उमेदवाराची एक अडचण मुंबईतल्या एचआरला समजावून सांगावी लागते. दोन दिवसांवर तारीख देऊन "समक्ष या" असे ते सहज सांगतात. रेल्वेचे आरक्षण ६० दिवस आधी उघडते, आणि गणपतीच्या गाड्या उघडल्याबरोबर भरतात. मग हातात उरते ते आदल्या दिवशीचे तत्काळ, नाहीतर रात्रीची एसटी. पावसाळी वेळापत्रकात गाड्यांचा वेग कमी असतो, त्यामुळे सकाळी अकराच्या मुलाखतीला त्याच दिवशी निघून पोहोचण्याचा भरवसा देता येत नाही. म्हणून तारीख ठरतानाच किमान आठवडाभराची मुदत मागावी आणि प्रवासखर्च मिळेल का हेही मोकळेपणाने विचारावे. काही कंपन्या शेवटच्या फेरीचे तिकीट देतात. मागितल्याशिवाय मात्र देत नाहीत.


मनुष्यबळ_निवृत्त, रत्नागिरी

खेडचे दादा, माघारीचा हक्क मान्य आहे. परंतु ताईंच्या बाबतीत सर्व फेऱ्या झालेल्या आहेत आणि वाट पाहण्यासाठी त्यांना आता काही खर्च करावा लागत नाही. अशा वेळी हातची नोकरी चालू ठेवून थांबणे आणि दुसरीकडेही अर्ज करत राहणे, हे माघारीपेक्षा चांगले.


पेठमाप_चिपळूण

ताई, तुम्ही चिपळूणच्या आहात म्हणून खास लिहिते. पार्श्वभूमी पडताळणीसाठी कागदपत्रे आत्तापासून काढून ठेवा. पत्र आल्यावर दोन दिवसांत सगळे अपलोड करा म्हणून सांगतात.

२२ जुलै २०२१ च्या पुरात आमच्या घरात पाणी शिरले आणि कपाटाच्या खालच्या कप्प्यातली फाइल दोन दिवस चिखलात राहिली. गुणपत्रिकेवरची शाई पसरून बैठक क्रमांक तेवढा ओळखू येत होता. पुढे नोकरी बदलताना पडताळणी करणाऱ्या संस्थेने ती प्रत स्वीकारली नाही. दुय्यम गुणपत्रिकेसाठी माझ्याकडून प्रतिज्ञापत्र आणि पोलिसांकडील नोंद मागितली गेली. रत्नागिरीला मुंबई विद्यापीठाचे उपकेंद्र असल्यामुळे अर्ज कसा भरायचा ते तिथे समजले, नाहीतर सरळ मुंबईच गाठावी लागली असती. नव्या कंपनीला मी पुराचे कारण आणि अर्जाची पोच दोन्ही पाठवले, आणि त्यांनी मुदत वाढवून दिली. आपल्या गावात असे झालेली घरे खूप आहेत, म्हणून कोणी हे वाचत असेल तर त्यांनी नोकरी बदलायची वेळ येईपर्यंत थांबू नये. डिजिलॉकरवर जे उपलब्ध आहे ते आजच उतरवून ठेवावे.

पगाराच्या पावत्या नसतील तर पीएफचे पासबुक कामी येते. पडताळणी करणारे यूएएनवरचा, म्हणजे पीएफच्या कायम क्रमांकावरचा, नोकरीचा इतिहास पाहतात आणि त्यातल्या तारखा तुमच्या बायोडेटाशी जुळवतात. आधीच्या एखाद्या नोकरीत सोडल्याची तारीख भरलेली नसेल, तर दोन नोकऱ्या एकाच वेळी चालू आहेत असे दिसते आणि प्रकरण अडकते. शेवटचा हप्ता जमा होऊन दोन महिने उलटल्यावर ती तारीख सदस्याला ईपीएफओच्या संकेतस्थळावर स्वतः भरता येते. मूळ प्रमाणपत्रे मात्र दाखवून लगेच परत घ्या, कोणाकडेही ठेवायला देऊ नका. पडताळणीच्या नावाखाली कोणी पैसे मागितले तर ती कंपनी नव्हेच असे समजा.


कुडाळचा_वाचक

माझा भाचा बँकेच्या परीक्षा देतो, त्यावरून एक मुद्दा सुचला. आयबीपीएसच्या पीओ भरतीत पूर्वपरीक्षा, मुख्य परीक्षा आणि मुलाखत असे टप्पे आहेत, आणि अंतिम निवडीत मुख्य परीक्षेला ८० व मुलाखतीला २० टक्के महत्त्व आहे, हे अर्ज भरण्याआधीच जाहीर असते. केंद्र सरकारने तर १ जानेवारी २०१६ पासून गट क आणि गट ब अराजपत्रित पदांसाठी मुलाखतच बंद केली. सरकारी भरतीला वर्ष जाते, हे खरे आहे; परंतु आपण कोणत्या पायरीवर उभे आहोत हे उमेदवाराला माहीत असते. खासगी कंपनीवर तसे बंधन नसले, तरी पहिल्याच फोनमध्ये "एकूण किती फेऱ्या आहेत आणि प्रत्येक फेरी कोण घेणार" असे विचारायला काय हरकत आहे? माझ्या मते हा प्रश्न प्रत्येक उमेदवाराने विचारला, तर कंपन्याही आधी ठरवून मग बोलावू लागतील.


वाशिष्ठीकाठी, चिपळूण

सर्वांचे मनापासून आभार. दिवाळीत घरी सगळे एकत्र असताना वडिलांनाही हे प्रतिसाद वाचून दाखवले.

रत्नागिरीच्या काकांनी दिलेल्या मजकुरात थोडा फेरफार करून मी ईमेल पाठवला, आणि त्याबरोबर एसओपीचा एका पानाचा आराखडाही जोडला. उत्तर येण्यास चार-पाच दिवस लागले, पण ते स्पष्ट होते: पदाची मंजुरी या महिनाअखेर अपेक्षित आहे, आणखी कोणतीही फेरी बाकी नाही, आणि वैद्यकीय तपासणी ऑफरच्या आधी पनवेलला करून घेण्यास त्यांची हरकत नाही. राजीनाम्याचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. पूर्ण एसओपीही पुन्हा मागितलेली नाही. आराखड्यातील कॅलिब्रेशनच्या मुद्द्यावर मात्र क्यूसी मॅनेजरांनी स्वतः फोन करून चर्चा केली, आणि ती चर्चा मला आधीच्या दोन्ही मुलाखतींपेक्षा अधिक समाधान देऊन गेली.

आता एकच शंका उरली आहे. सध्याच्या कारखान्यात मला येत्या मार्चच्या अखेरीस पाच वर्षे पूर्ण होतात. पत्र महिनाअखेर आले आणि मी लगेच राजीनामा दिला, तर नोटीस फेब्रुवारीअखेर संपते. ग्रॅच्युइटीसाठी काही करता येईल का?


मनुष्यबळ_निवृत्त, रत्नागिरी

ताई, हे विचारलेत ते बरे झाले. राजीनामा देणाऱ्या कायम कर्मचाऱ्याला ग्रॅच्युइटी मिळण्यासाठी सलग पाच वर्षांची सेवा लागते, आणि रक्कम शेवटच्या मासिक वेतनाच्या (मुख्यतः मूळ वेतन व महागाई भत्ता) १५/२६ पट, गुणिले पूर्ण झालेली वर्षे, अशी काढतात. समजा हे वेतन २०,००० रुपये असेल, तर पाच वर्षांचे सुमारे ५७,७०० रुपये होतात. महिनाभराच्या फरकासाठी ही रक्कम सोडू नये.

रुजू होण्याची तारीख ऑफर लेटर तयार होण्यापूर्वीच एप्रिलचा पहिला आठवडा अशी मागा, आणि कारण खरे तेच सांगा. हे कारण प्रत्येक एचआरला समजते आणि त्यात कमीपणा काही नाही. त्यांनी मान्य केले तर पत्र हातात आल्यावर राजीनामा अशा तारखेला द्या, की कामाचा शेवटचा दिवस पाच वर्षे पूर्ण झाल्यानंतरच येईल. राजीनाम्यात तो शेवटचा दिवस तारखेसह लिहा आणि त्याची पोच घ्या. मात्र तुमच्या नियुक्तीपत्रात कंपनीला नोटीशीऐवजी पगार देऊन तुम्हाला आधी मोकळे करण्याचा अधिकार आहे का, ते कलम राजीनामा लिहिण्यापूर्वी वाचून पाहा. तसे असेल तर राजीनामा पाच वर्षे पूर्ण झाल्यावरच देणे सुरक्षित, आणि रुजू होण्याची तारीख त्याप्रमाणे पुढे मागावी लागेल.

नवी कंपनी फेब्रुवारीवरच अडून बसली, तर बुडणाऱ्या रकमेइतका जॉइनिंग बोनस पत्रात लिहून मागा. अशी मागणी आमच्याकडे येत असे आणि ती पुष्कळदा मंजूरही होत असे. बोनसबरोबर "वर्षाच्या आत सोडल्यास परत करावा लागेल" अशी अट येते, ती वाचून मगच सही करा. पीएफची रक्कम मात्र काढू नका. ती नव्या खात्यात वर्ग करून घ्या.